मामींच्या नावाचे दोन तांबे

मामा आपल्या घरी कधीच सरळ येत नसत. बाजाराकडून येताना त्यांचं घर आधी लागायचं आणि पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ नंतर. मामा घरासमोरून तसेच पुढे जायचे, देवळापाशी वळायचे आणि उलटे येऊन मग पायरी चढायचे. डोक्यावर ऊन असो की हातात जड पिशवी असो, ह्यात फरक नाही. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा घर विसरला. मामी मात्र आतून चाल ओळखत. पावलं दारावरून पुढे गेली की त्या तांब्या भरायला उठत. पावलं परत येईपर्यंत पाय धुवायचं पाणी पायरीवर तयार असे.

असं का करता, हे त्यांना विचारायला मी दीड वर्ष घेतलं. मी बोलायला एकूणच वेळ घेते.

"लेथवर शिकलों गे," ते म्हणाले. "स्क्रूत ढील असते. ह्या बाजूने आलीस तर एक जागा, त्या बाजूने आलीस तर दुसरी. चाकावर आकडा मात्र तोच. म्हणून नेहमी एकाच बाजूने याव. पुढे गेलीस तर माघारी जाऊन पुन्हा त्याच बाजूने याव."

"पण मामा, घर तर एका जागी आहे."

"घर आहे," ते म्हणाले. "माझा काय भरवसा?"

ते माझे सख्खे मामा नव्हते. कुंभकोणमच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी चार घरं होती, म्हणजे चारही घरांत मामा, मामी, अक्का आणि अण्णा होते. गल्लीतले तमिळ लोक आम्हा सगळ्यांना सरसकट 'रायर' म्हणत. घरात आमची ती जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि शाळेत इंग्रजी. मला तिन्ही भाषांत गप्प बसता यायचं.

मामांचा धंदा भांड्यांवर नाव घालण्याचा. तरुणपणी ते एका कारखान्यात लेथवर होते. वडील गेल्यावर परत आले आणि भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, एका दुकानाच्या ओट्यावर, छिन्नी आणि चिमुकली हातोडी घेऊन बसले. आमच्या नातेवाइकांना ते आवडलं नव्हतं. रस्त्यावर बसून टक टक करणं रायरांना शोभत नाही, असं लग्नकार्यात कोणीतरी म्हणायचंच. मामा म्हणायचे, "मग तुमच्या मुलीच्या हंड्यावर नाव कोणाकडून घातलेत?" उत्तर सगळ्यांना ठाऊक असे.

आमच्याकडे नाव घातलेलं भांडं हे बाहेर जाणारं भांडं असतं. लग्नाला, बारशाला, तेराव्याला हंडे-तपेली घरोघर जातात, आणि कार्य झालं की नाव वाचून परत येतात. परत देताना भांडं रिकामं द्यायचं नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मामांनी गावातल्या निम्म्या भांड्यांवर नावं घातली असतील. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकाही भांड्यावर नाव नव्हतं.

"गावचे तपेले नाव घेऊन फिरते," मामी म्हणायच्या. "माझा तांब्या बिननावाचा."

"आपला तांब्या जातो कोठे, नाव घालायास?"

"मी तरी कोठे जात्यें? मग मजही नाव नोको."

हे भांडण मी इतक्यांदा ऐकलं होतं की कोणाच्या वाक्यावर कोण थांबणार हे मला आधी कळायचं.

दुकानांत विजेचं पेन आलं तेव्हा मामांनी ते हातातही धरलं नाही. ते पेन घुरघुरत थरथरतं आणि त्या थरथरीने भांड्यावर ओरखडे उठतात. "थरथरून कधी लिहितात काय?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मग दोन-तीन वर्षांनी त्यांचाच उजवा हात थरथरायला लागला. आधी कॉफीचा पेला वाजू लागला. मग एका नवरीच्या नावातला काना वाकडा गेला. मामांनी दुकानदाराला नव्या भांड्याचे पैसे भरून दिले, छिन्नी धोतराच्या सोग्यात बांधली आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते देवळाच्या पुढेही बरेच लांब चालत गेले. मामी पायरीवर तांब्या घेऊन उभ्याच राहिल्या.

त्यानंतर ते घरातच नाव घालणारं यंत्र बांधायला बसले.

मोटारी मद्रासच्या भंगारातल्या, जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या. स्क्रू कधीकाळी त्यांनी स्वतः लेथवर कापलेला. लाकडी पाळण्यात भांडं आडवं ठेवायचं. एक मोटार त्याला गोल फिरवी, दुसरी तो स्क्रू फिरवून त्याच्या अंगावरून एक अणकुचीदार टोक पुढेमागे नेई. टोक उचलायला आणि टेकवायला दारावरच्या जुन्या घंटीचं चुंबक होतं, त्यामुळे दर अक्षराच्या सुरुवातीला 'टण' असा पाहुणा आल्यासारखा आवाज व्हायचा आणि मामी आतून "कोण?" म्हणायच्या. त्या हे मुद्दाम करत असाव्यात.

हे सगळं चालवायला एक कॉम्प्युटर होता. बंद पडलेल्या टायपिंग क्लासकडून आणलेला, हिरव्या अक्षरांचा, पोटात डिस्क नसलेला. एका फ्लॉपीवर तो जागा व्हायचा, दुसऱ्या फ्लॉपीवर यंत्राचा प्रोग्राम. ही दुसरी फ्लॉपी मामींच्या भाच्याने अमेरिकेतून पाठवली होती. तिथे म्हणे लोक आपल्या गॅरेजमध्ये हौसेखातर अशी यंत्रं बांधतात. सोबत इंग्रजी पानांचा एक गठ्ठा होता. मामांना इंग्रजी वाचता यायचं, पण दर शब्दाला ते पंचाची परवानगी घेतल्यासारखे थांबायचे. माझा कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच संपला होता, नोकरी नव्हती, आणि अप्पांना, माझ्या वडिलांना, मी घरात बसलेली दिसत होते. त्यांनी मला पाठवून दिलं.

पहिल्या दिवशी मामांनी दोन नियम सांगितले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि बदलायच्या आधी जुना आकडा खडूने दाराच्या चौकटीवर लिहायचा. तिसरा नियम त्यांनी सांगितला नाही, तो मी पाहिला. प्रयोगाआधी ते अर्धा पेला कॉफी पीत आणि अर्धी ठेवत. यंत्र नीट चाललं तर उरलेली कॉफी गरम पोटात जाई. नाही चाललं तर काय चुकलं हे सापडेपर्यंत ते पेल्याला हात लावत नसत, आणि मग ती थंडगार, साय धरलेली कॉफी एका घोटात, औषधासारखी, पिऊन टाकत. त्या वर्षी त्यांनी गरम कॉफी फार थोडी प्यायली.

सुरुवातीला मोटारी नुसत्या गुणगुणायच्या, फिरायच्या नाहीत. चार तारा कोणत्या क्रमाने जोडायच्या हे भंगारवाल्याने सांगितलं नव्हतं. चार तारांचे चोवीस क्रम होतात. मामांनी ते सगळे चौकटीवर लिहून काढले आणि वरून खाली एकेक करत गेले. तेविसाव्याला मोटार फिरली.

मामी चौकटीकडे बघून म्हणाल्या, "शेवटून कां नाही सुरू केलेत?"

मग नाव उलटं आलं, आरशातल्यासारखं. बाजारात मामांच्या ओट्यासमोर ज्यांचं दुकान होतं ते चेट्टियार बघायला मुद्दाम आले. "एन्न रायरे, कण्णाडि सेत्तु विक्कणुमा?" म्हणजे, काय रायर, भांड्याबरोबर आरसाही विकायचा का? मामा हसले नाहीत. मी पानं चाळून एका मोटारीची दिशा उलट करणारी ओळ शोधली, एक वजा चिन्ह घातलं, आणि नाव सुलटं आलं. चेट्टियार म्हणाले की आरशावाल्याचं नुकसान झालं.

त्यानंतरचं दुखणं मात्र चिवट होतं. यंत्र मधेच थांबायचं. कधी पहिल्या अक्षरावर, कधी तिसऱ्या, आणि हिरव्या पडद्यावर यायचं की टोक हद्दीला टेकलं. हद्द म्हणजे कडेला लावलेलं एक छोटं बटण. तिथे टोक आदळू नये म्हणून ते लावलेलं. टोक तर मधोमध असायचं. मामांनी बटण बदललं. तारा बदलल्या. मग सगळा पाळणा सुटा केला, धुतला, पुन्हा बांधला. थंड कॉफीचे पेले ओट्यावर रांगेने उभे राहिले.

मला कारण पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेजारच्या घरात इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर होता. तो सुरू झाला की यंत्र थांबत होतं. ग्राइंडरची घरघर सुरू, यंत्र बंद. इतकं सरळ होतं ते की मला वाटलं, हे मामांना दिसलं असणारच. माझं चुकलं तर? शेजारणीला नावं ठेवल्यासारखं झालं तर? अशा विचारांत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मामा कॉम्प्युटरच उघडायला निघाले तेव्हा मी ग्राइंडरच्या आवाजाकडे बोट दाखवलं. बोलले तेव्हाही नाही.

त्यांनी मान कलती केली, ऐकलं, यंत्र सुरू केलं, थांबलेलं बघितलं. मग सुपारीच्या पुड्यांतला चंदेरी कागद काढून त्या बटणाच्या तारेला पट्टीसारखा गुंडाळला, त्याचं टोक जमिनीतल्या सळीला बांधलं. विजेचा खरखराट त्या लांब तारेत शिरत होता, आणि प्रोग्रामला वाटत होतं बटण दाबलं गेलं. त्यानंतर ग्राइंडर चालू असताना यंत्राने पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं.

साय बाजूला करून मामांनी कॉफी प्यायली. "कधी कळले तुज?"

मी तीन बोटं दाखवली.

ते रागावले नाहीत. मी रागाची वाट बघत होते, त्याचं काय करायचं हे मला ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "दिसले ते सांगाव गे. चुकले तर चुकले. आपण दोघे चुकू." आणि मग, "उगेच घालवायास माझ्यापाशी फार दिवस नाहीत आता."

हे मी ऐकलं. पण ऐकून शहाणी झाले नाही.

यंत्र लिहू लागलं होतं, पण लिहीत होतं प्रोग्रामबरोबर आलेली परदेशी, ठोकळेबाज अक्षरं. मामांना हवं होतं त्यांचं अक्षर. त्यासाठी त्यांनी आलेखाचा कागद आणला. कागदावर दहापट मोठं अक्षर काढायचं, त्या रेघेवरचे बिंदू मी कागदावरची छोटी घरं मोजून वाचायचे आणि आकडे करून टाइप करायचे. यंत्र ते दहापट लहान करून भांड्यावर उतरवील. सकाळी अंघोळीनंतर थोडा वेळ त्यांचा हात बरा असायचा, तेवढ्यातच एक अक्षर.

"कोणाचे नाव पहिले?" मी विचारलं. मला वाटलं चेट्टियारांच्या दुकानातलं एखादं.

मामांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं. मामींचं नाव तीन अक्षरांचं आहे.

त्या तीन अक्षरांना अकरा दिवस लागले. पहिलं अक्षर बरं आलं. दुसऱ्यात वेलांटी दोनदा अडखळली. तिसऱ्या अक्षरापर्यंत सकाळचा तो बरा वेळही गेला होता. कागदावरची रेघ पाण्यातल्या काठीसारखी हलत होती. मामा कागद माझ्यापुढे ठेवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मी ते आकडे टाइप करताना सरळ केले.

कोणी सांगितलं नव्हतं. रेघ जिथे दोन घरं डावीकडे आणि लगेच दोन घरं उजवीकडे गेली होती, तिथे मी मधला आकडा घातला. वही स्वच्छ असावी, खाडाखोड नसावी, हे मला शाळेने शिकवलं होतं, आणि मला वाटलं ही माया आहे. त्यांची लाज मी कोणाला कळू न देता पुसते आहे. ह्याबद्दल बोलायची गरजच नव्हती, आणि न बोलता केलेलं काम मला नेहमी जास्त चांगलं वाटतं.

तांब्या नवा, पितळेचा. टण, टण, टण, तीनदा घंटा वाजली. मामींनी तीनदा "कोण?" विचारलं आणि मामा म्हणाले, "तूच."

मामींनी हात पुसून तांब्या घेतला. वळवून पाहिला. "बेस आहे," त्या म्हणाल्या. "दुकानातला वाटतो." मग त्यांनी तो फडताळात अगदी वरच्या फळीवर ठेवला, पाहुण्यांच्या कपांशेजारी, आणि पाणी प्यायला आपला जुनाच घेतला.

मामांची कॉफी गरम होती. त्यांनी ती प्यायली नाही. मग फळीवरून तांब्या काढून दारातल्या उजेडात नेला.

"हे अक्षर कोणाचे गे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, मामा."

"माझे असे नसते."

त्या वेळी सांगायला हवं होतं. माझ्या पोटात ते वाक्य तयार होतं, तिन्ही भाषांत. पण मामांनी स्वतःच कारण शोधलं. स्क्रूत ढील आली आहे, ती सगळं खाते आहे, असं ते म्हणाले, आणि मी गप्प राहिले. पुढचे दहा-बारा दिवस त्यांनी स्क्रूवर काढले. नट आवळून पाहिला, तेल बदलून पाहिलं. हात आता इतका हलायचा की पाना दोनदा घसरून बोट सोललं. मी पट्टी बांधली आणि पाना परत त्यांच्या हातात दिला. एका सकाळी त्यांनी कागदावर पुन्हा पहिलं अक्षर काढून बघितलं. ते अक्षर नव्हतंच. तो कागद त्यांनी घडी करून कनवटीला लावला.

शेवटी ते म्हणाले, "तिरुप्पनंदाळच्या वाटेवर एक लेथवाला आहे. यंत्र सोडवून स्क्रू त्याजकडे देतों. नवा कापील."

"किती दिवस?"

"दोन महिने म्हणतो. त्याचे दोन म्हण्जे चार."

ते पाना घेऊन वाकले, आणि मी म्हणाले, "स्क्रू नाही मामा. मी."

मी सगळं सांगितलं. कागद आणले, आकडे दाखवले, कुठे कुठे सरळ केलं ते बोट ठेवून दाखवलं. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मामांनी कागद आपल्याकडे ओढले. "दुरुस्त करायास सांगितले नव्हते गे," ते म्हणाले. "उतरून घ्यायास सांगितले होते."

"ती रेघ हलत होती, मामा. तुम्हीच म्हणायचात, थरथरून लिहितात काय—"

"म्हणत होतों. चाळीस वर्षे हात सरळ होता, तेव्हा गावच्या लोकांची नावे लिहिली. हिच्या नावास वेळ झाला नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. "आता आहे तो हात असा आहे. हिला हाच द्यायचा. उसना कशास?"

मामी आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा मोठ्याने येऊ लागला.

मी त्या दुपारी तिन्ही अक्षरं पुन्हा टाइप केली. प्रत्येक हेलकावा, प्रत्येक अडखळ, जिथे आधी वीस आकडे होते तिथे दोनशे. एका जुन्या डब्यावर करून पाहिलं. अक्षर पुन्हा जवळजवळ सरळ आलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा?"

त्या एका शब्दाने माझे डोळे भरले. पण ह्या वेळी मी बोट दाखवलं नाही, तोंडाने बोलले. "नाही मामा. मी आकडे वाचते, तुम्ही कागद बघा." एकेक आकडा मी मोठ्याने वाचला आणि ते कागदावर बोट फिरवत गेले. दोनशे आकडे. चुकलेला एकही नव्हता.

मामांनी पेटीतून आपलं जुनं डायल गेज, केसाएवढं सरकणंही दाखवणारं काट्याचं माप, काढलं, टोकाला टेकवलं आणि मला मोटार एकेक पाऊल, म्हणजे एकेक झटका, मागे फिरवायला सांगितली. एक, दोन, पाच, दहा. मोटार फिरत होती, काटा जागचा हलत नव्हता. अठराव्या पावलाला काटा हलला.

"सतरा पावले," मामा म्हणाले. "दिशा बदलली की सतरा पावले नुसती हवेत जातात. माझा हात तेवढाच हलतो. सगळी थरथर ढिलीने खाल्ली." आणि मग ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "जन्मभर ढील चुकवीत घरास येतों, आणि माझ्याच मिशीनात ती खरेच बसली होती! तू खोटे बोललीस, आणि तिनेही तेच केले. दोघी मिळून माझे अक्षर सुधारीत होतात!"

यंत्र काही माणसासारखं वळून, एका बाजूने येऊ शकत नव्हतं. पण त्या इंग्रजी गठ्ठ्याच्या शेवटाकडे एक ओळ होती, जी मी पहिल्या आठवड्यात वाचून, कळली नाही म्हणून सोडली होती. दिशा बदलताना किती पावलं जास्त टाकायची, तो आकडा. तिथे शून्य होतं. मी चौकटीवर खडूने शून्य लिहिलं आणि पडद्यावर सतरा.

दुसरा तांब्या पाळण्यात चढला. टण. ह्या वेळी आतून कोणी "कोण?" म्हणालं नाही. मामी बाहेरच येऊन बसल्या होत्या. टोक कागदावरच्या रेघेसारखंच हललं, अडखळलं, मागे सरून पुन्हा पुढे गेलं, आणि मला आठवतंय की मामांचा हात त्या वेळी त्यांच्या मांडीवर होता आणि तोही हलत होता, आणि काही क्षण दोन्ही बरोबर हलले.

मामींनी तांब्या घेतला, नावावरून अंगठा फिरवला. बेस म्हणाल्या नाहीत.  पाणी भरलं, वरून प्यायल्या आणि तांब्या पाण्याच्या घागरीवर पालथा घातला, रोजचा. मामांची कॉफी अजून कोमट होती.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. निघताना मामींनी फडताळातला पहिला तांब्या काढून माझ्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, हा तुमच्या नावाचा आहे.

"नाव माझे," मामी म्हणाल्या. "हात तुझा. तू ने."

मामा ओट्यावर बसले होते. पेला आता त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. "नाव घातले आहे," ते म्हणाले, "म्हण्जे परत आले पाहिजे."

मी परत गेले, पण वेळेवर नाही. मामा गेल्याचं अप्पांच्या पत्राने कळलं. ऑफिसात रजा मागायला शब्द जुळवत मी चार दिवस घालवले, आणि मग म्हटलं, आता जाऊन काय. इथे पुण्यात माझी मराठी लोकांना जुन्या पोथीतून आल्यासारखी वाटते, म्हणून मी ती बदलली. कोणी 'गे' म्हणत नाही. संध्याकाळी मोठ्या खिडकीशी बसून मी त्या तांब्यावरची ती तीन निर्दोष अक्षरं बघते. त्यांत मामा कुठेच नाहीत.

गेल्या पोंगलला गेले. तांब्यात खडीसाखर भरून घेतली होती. गल्लीत शिरले, घर आलं, आणि पाय थांबलेच नाहीत. देवळापर्यंत जाऊन वळले आणि परत आले.

मामी पायरीवर उभ्या होत्या. हातात पाण्याने भरलेला तांब्या. मला पाहून त्यांनी तो क्षणभर तसाच धरून ठेवला, मग खाली ठेवला. मी पाय धुतले. तांब्यावर माझ्या हाताच्या अंगठ्याखाली ती अडखळलेली वेलांटी आली. ती आता घासून घासून गुळगुळीत झाली आहे, पण हलते आहे.

कॉफी झाली, गल्लीतल्या बातम्या झाल्या, यंत्रावरची चादर मी उचलून पुन्हा टाकली. मग मी सांगितलं. एवढ्या वर्षांत मला जे हवं होतं ते मी पहिल्यांदा तोंडाने मागितलं.

"मामी, मला तो द्याल? हा तुम्ही ठेवा. बदली."

मामी हसल्या. पुढचे दोन दात पडले आहेत. "नोको गे," त्या म्हणाल्या. "तो माझा."

मग त्यांनी खडीसाखर डब्यात ओतली, माझा तांब्या धुतला, पुसला, त्यात घरची कॉफी पूड भरली, वर केळीचं पान बांधलं आणि माझ्या हातात दिला. बसची वेळ झाली होती. मी पायरी उतरले, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "पुढल्या खेपेस ये. लोकूर ये."

"हो, मामी. लवकर येईन."

"आणि सरळ ये गे. असे पुढे जाऊन वळू नोको. मज उगेच वाटते."